नव्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक हिरवा ठिपका: बदलून घ्यावा की राहू द्यावा?

सांजवारा

नमस्कार मंडळी,

नुकताच नवा लॅपटॉप घेतला. १४ इंची, १९२० × १२०० चा आयपीएस (एलसीडीचाच एक प्रकार) स्क्रीन. मशीन अगदी मनासारखं आहे. कीबोर्डवर बोटं छान बसतात, पंख्याचा आवाज जवळजवळ नाही, बॅटरी दिवसभराचं काम काढते. पण स्क्रीनच्या मध्यापासून थोडा उजवीकडे, वरच्या भागात, एक बारीकसा हिरवा ठिपका आहे. पांढऱ्या पानावर तो दिसतच नाही. पार्श्वभूमी काळी झाली की लख्ख पेटतो. माझं निम्मं काम काळ्या पार्श्वभूमीवरच्या कोडमध्ये चालतं आणि रात्री वाचतानाही मी डार्क मोडच लावते, त्यामुळे तो सारखा समोर येतो. मऊ फडक्याने पुसून पाहिलं, धूळ नाही.

शिवाय पूर्ण काळा स्क्रीन असताना डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात थोडा उजेड जाणवतो. तो दोष आहे की सगळ्याच स्क्रीनवर असतो, ते मला कळत नाही.

विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, "एखादा पिक्सेल गेला तर तो दोष धरत नाहीत." कंपनीच्या हेल्पलाइनवरही "मर्यादेत आहे" एवढंच सांगितलं. परत करण्याची मुदत अजून चालू आहे, पण फार उरलेली नाही. इतकं चांगलं चालणारं मशीन एका ठिपक्यासाठी परत करावं का? बदलून आलेलं याहून वाईट निघालं तर? की हा ठिपका घरीच घालवता येतो? ज्यांनी हे निस्तरलं आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

आडवाट

मी ठेवला असता. आठवडाभरात विसराल. माझ्या मॉनिटरवर असा एक काळा ठिपका कित्येक वर्षं आहे, आता मलाच शोधावा लागतो.

मोजपट्टी

@सांजवारा, निर्णयाचं नंतर पाहू. आधी दोष नक्की कुठला आहे ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

तुमच्या स्क्रीनवर १९२० गुणिले १२०० म्हणजे २३,०४,००० पिक्सेल आहेत. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपपिक्सेल आणि प्रत्येकामागे स्वतःचा ट्रान्झिस्टर. म्हणजे जवळपास ६९ लाख बारीक झडपा, आणि त्यांच्यामागे सतत जळणारा दिवा, म्हणजे बॅकलाइट. एखादी झडप कायमची बंद राहिली तर तिथे तो रंग कधीच येत नाही. तिन्ही बंद राहिल्या तर काळा ठिपका, त्याला डेड पिक्सेल म्हणतात. एखादी कायमची उघडी राहिली तर त्या रंगाचा ठिपका सतत पेटलेला, तो स्टक पिक्सेल. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराचं आहे. पांढऱ्यावर तिन्ही उपपिक्सेल पेटलेलेच असतात, त्यामुळे अडकलेला हिरवा त्यात मिसळून जातो.

खात्री करायची एक पद्धत आहे. पूर्ण स्क्रीनभर एकेक सपाट रंग लावा. कुठल्याही चित्रकलेच्या ॲपमध्ये रंग भरून फुल स्क्रीन केलं तरी पुरतं. हिरवा उपपिक्सेल अडकला असेल तर लाल पार्श्वभूमीवर तो ठिपका पिवळा दिसेल, निळ्यावर आकाशी, आणि राणी रंगावर पांढरट. हिरव्या आणि पांढऱ्यावर नाहीसा होईल. हे सगळं जुळलं की धूळ, डाग, ओरखडा या शंका मिटल्या. धुळीचा कण कुठल्याच रंगावर पेटत नाही, आणि त्याची कडा वेडीवाकडी, पुसट असते. पिक्सेलची कडा सरळ असते. फोनचा कॅमेरा मॅक्रोवर टाकून जवळून फोटो घेतलात तर ती सरळ कडा स्वच्छ दिसते.

दुसरं, स्क्रीनशॉट काढा आणि तो फोनवर उघडा. फोनवरच्या चित्रातही त्याच जागी ठिपका दिसला तर पॅनेल ठीक आहे, गडबड सॉफ्टवेअरची किंवा ग्राफिक्सची. दिसला नाही तर दोष पॅनेलमध्ये. मशीन सुरू करताना बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या मूळ सेटिंगच्या पानावर जाऊन तिथेही बघा. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम अजून आलेलीच नसते, त्यामुळे "ड्रायव्हर अपडेट करून बघा" या सल्ल्यातून सुटका होते. काही कंपन्यांनी स्क्रीनची स्वतंत्र तपासणीही दिलेली असते. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर डी बटण दाबून ठेवून पॉवरचं बटण दाबलं की स्क्रीन आपोआप एकेक रंग दाखवत जातो. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असं काही आहे का ते पाहा.

रंगपेटी

@आडवाट, तुमचा ठिपका काळा आहे आणि त्यांचा हिरवा. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी फोटो संपादनाचं काम करते, म्हणून हे रोज डोळ्यांसमोर असतं. स्क्रीनवरच्या पांढऱ्या रंगाची जी उजळता आपल्याला जाणवते तिच्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के असतो, लालाचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के. हे नेहमीच्या एसआरजीबी रंगमानाचे आकडे आहेत. त्यामुळे अडकलेला निळा उपपिक्सेल असता तर मीही म्हटलं असतं, राहू द्या. हिरवा हा तिघांत सगळ्यात जास्त डोळ्यात भरणारा.

१४ इंचांवर १९२० × १२०० म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.१६ मिलिमीटरचा. चांगल्या नजरेला ५० सेंटिमीटरवरून दोन रेषा वेगळ्या दिसायला त्यांच्यात साधारण ०.१५ मिलिमीटर अंतर लागतं. यावरून लोक म्हणतात की एक उपपिक्सेल दिसायलाच नको, तो तर पिक्सेलच्या एक तृतीयांश रुंदीचा. पण काळोखातला उजेड टिपायला डोळ्याला आकार लागत नाही. आकाशातला तारा किती बारीक, तरी दिसतोच ना! काळ्या कोड एडिटरवर पेटलेला हिरवा ठिपका तसाच दिसतो. त्यांना भास होत नाहीये.

माझं स्पष्ट मत: मुदत चालू आहे, बदलून घ्या.

पानगळ

स्टक पिक्सेल घरी सुटू शकतो असं ऐकलं आहे. रंग झरझर बदलणारा एक छोटा चौकोन त्या जागी ठेवायचा आणि बराच वेळ चालू द्यायचा. जेस्क्रीनफिक्स नावाचं साधन ब्राउझरमध्येच चालतं. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवरचा लाल ठिपका अशाने गेला होता. फडक्यात बोट गुंडाळून हलकेच दाबायचं असंही वाचलं आहे.

खटका

पानगळताई, पहिला उपाय करून पाहायला हरकत नाही, दुसरा कृपा करून कुणाला सांगू नका. मी लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात आहे आणि दाबून दाबून खराब केलेले स्क्रीन माझ्या टेबलावर येतात. एका ठिपक्याच्या जागी पांढरट डाग उमटतो, कारण दाबामुळे मागचे प्रकाश पसरवणारे पातळ थर सरकतात किंवा त्यांच्यावर वळ पडतो. मग ते हाताळणीतलं नुकसान ठरतं आणि वॉरंटीही जाते. पिक्सेलचा दोष तुमचा नसतो, दाबाचा डाग तुमच्या माथी मारला जातो.

रंग बदलण्याच्या उपायाबद्दल: काही ठिपके त्याने सुटतात, काही न करताही आपोआप सुटतात, आणि पुष्कळसे सुटतच नाहीत. ट्रान्झिस्टरमध्येच शॉर्ट असेल तर रंग कितीही बदला, झडप उघडीच राहणार. काळ्या डेड पिक्सेलला तर हा उपाय जवळजवळ लागूच पडत नाही. करायचंच असेल तर चौकोन लहान ठेवा आणि त्याच्याकडे बघत बसू नका. घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर अजिबात लावू नका. भराभर लुकलुकणारा उजेड काही जणांमध्ये झटका आणू शकतो. वेबसाइटच्या सुलभतेचे नियमसुद्धा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारं काही ठेवू नका असं सांगतात, ते याचसाठी.

आणि यात मुदत घालवू नका, हे महत्त्वाचं. एक रात्र लावून बघा, नाही सुटला तर दुसऱ्या दिवशी परत करण्याची तक्रार टाका.

सांजवारा

सगळ्यांचे आभार. मोजपट्टी, तुम्ही सांगितलं तसं केलं. लालवर पिवळा, निळ्यावर आकाशी, राणी रंगावर पांढरा, अगदी तंतोतंत! स्क्रीनशॉटमध्ये नाही. बायॉसमध्ये आहे. फोनने जवळून घेतलेल्या फोटोत काळ्यावर एक उभी हिरवी काडी दिसते, बाजूचं सगळं काळं. काल रात्री रंगांचा चौकोनही लावून ठेवला होता, काही फरक नाही.

आता दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. "मर्यादेत आहे" म्हणजे कुठली मर्यादा? आणि कोपऱ्यातल्या उजेडाचं काय?

मोजपट्टी

कोपऱ्याचं मी सांगतो. पूर्ण काळा रंग लावा, खोलीत अंधार करा, ब्राइटनेस तुम्ही रोज ठेवता तेवढाच ठेवा. आता डोकं डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हलवा, थोडं मागे सरका. उजेडाचा भाग तुमच्याबरोबर सरकत असेल, मागे गेल्यावर फिका होत असेल, तर तो आयपीएस पॅनेलचा स्वभाव आहे, त्याला ग्लो म्हणतात. तिरक्या कोनातून पाहिलं की काळ्यातूनही थोडा प्रकाश निसटतोच. बदलून आणलेल्या मशीनमध्येही तो असणार. उजेड कडेला चिकटून एकाच जागी राहत असेल, तुम्ही कुठूनही बघा तसाच, तर तो बॅकलाइट ब्लीड. पॅनेल चौकटीत कुठेतरी आवळलं गेलं की असं होतं, आणि ते जास्त असेल तर तक्रार करण्याजोगं आहे.

याचा फोटो पुरावा म्हणून देताना काळजी घ्या. अंधारात फोन आपणहून एक्सपोजर वाढवतो, आणि साधा ग्लोसुद्धा वणवा लागल्यासारखा दिसतो. एक्सपोजर लॉक करून, डोळ्यांना दिसतं तितपतच येऊ द्या. फुगवलेला फोटो तपासणाऱ्या माणसाला लगेच ओळखू येतो आणि मग तुमच्या खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

आणखी एक, काळं-पांढरं बदललं की पूर्ण स्क्रीनचा उजेड हळूच कमी-जास्त होत असेल तर घाबरू नका. बॅटरी वाचवण्यासाठी चित्राप्रमाणे ब्राइटनेस बदलण्याची ती सोय असते, सेटिंगमधून बंद होते. पिवळट झाक दिसत असेल तर आधी नाइट लाइट चालू नाही ना ते पाहा. या दोन कारणांनी परत आलेल्या तक्रारी पुष्कळ.

खटका

मर्यादेबद्दल. आयएसओ १३४०६-२ नावाचं एक मानक २००१ साली आलं. सपाट स्क्रीनचे त्यात चार वर्ग केले होते. बहुतेक कंपन्या ज्याचा आधार घेत आल्या त्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे २ कायम पांढरे, २ कायम काळे आणि ५ अडकलेले उपपिक्सेल चालतात. २००८ साली त्याची जागा आयएसओ ९२४१-३०७ ने घेतली, त्यात पूर्ण निर्दोष असा शून्य वर्गही आहे. पण कुठला वर्ग पाळायचा, की स्वतःचेच आकडे लावायचे, हे कंपनी ठरवते. काही कंपन्या महागड्या मॉडेलवर एकही पेटलेला ठिपका चालवून घेत नाहीत आणि त्याच कंपनीच्या स्वस्त मॉडेलवर तीन-चार झाल्याशिवाय पॅनेल बदलून देत नाहीत. तुमच्या मॉडेलचं धोरण कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटीच्या पानात लिहिलेलं असतं, ते शोधून वाचा. हेल्पलाइनवरच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. हा मर्यादेचा सगळा हिशोब *वॉरंटीसाठी* आहे. विक्रेत्याची परत करण्याची मुदत ही वेगळी गोष्ट. त्या मुदतीत परत करायला काही ठिकाणी कारणही लागत नाही, आणि जिथे लागतं तिथे "स्क्रीनवर सतत पेटलेला ठिपका आहे" हे कारण देता येतं. तुम्ही विक्रेत्याकडे गेलात, त्याने तुम्हाला कंपनीकडे पाठवलं, कंपनीने तपासायला वेळ घेतला, आणि तेवढ्यात मुदत संपली, की तुमच्या हातात फक्त वॉरंटी उरते. मग "एक ठिपका मर्यादेत आहे" हे उत्तर शेवटचं. म्हणून आधी विक्रेता, तेही लेखी, तेही आजच.

वॉरंटीतून पॅनेल बदलून घेण्यापेक्षा पूर्ण नग बदलून घेणं केव्हाही बरं, असं माझं मत आहे. आजकालच्या पातळ लॅपटॉपची पुढची पट्टी चिकटवलेली असते, आतली डिस्प्लेची केबल नाजूक असते. एका ठिपक्यासाठी मशीन उघडलं आणि आत धुळीचा कण राहिला किंवा पट्टीला फट पडली, तर नवं मशीन पहिल्याच महिन्यात जुनं झालं. शिवाय वॉरंटीतला बदली भाग नवाच असेल असं नाही, कित्येक कंपन्यांच्या अटींत दुरुस्त केलेला भाग देण्याची मुभा असते. पूर्ण झाकणाचाच जोड बदलून देणार असतील तर गोष्ट वेगळी, ते काम स्वच्छ होतं.

वेशीवरचा

खटका, तुमचं म्हणणं पटलं, पण या मानकाबद्दलच मला राग आहे आणि तो इथे लिहितोच. दर दहा लाखांमागे मोजायचं म्हटलं की पिक्सेल वाढले तसे चालणारे दोषही वाढतात. २००१ च्या सुमाराचा १०२४ × ७६८ चा स्क्रीन घ्या, त्यात ८ लाखांहून कमी पिक्सेल. आजचा ३८४० × २१६० चा स्क्रीन घ्या, त्यात ८२,९४,४०० पिक्सेल. याच हिशोबाने त्यात १६ पांढरे, १६ काळे आणि ४१ अडकलेले उपपिक्सेल चालायला हवेत! कुठल्या ग्राहकाला हे चालेल? नवं मशीन म्हणून पूर्ण पैसे घ्यायचे आणि दोष निघाला की मानकाकडे बोट दाखवायचं. सांजवारा, तुम्ही अजिबात संकोच करू नका. परत करणं हा तुमचा हक्क आहे, उपकार मागत नाही आहात.

खटका

राग रास्त आहे. प्रत्यक्षात इतके ठिपके असलेला ४के स्क्रीन आज कुणी विकत नाही, उत्पादन तेव्हापेक्षा फार सुधारलं आहे. कारखान्यात मोठ्या काचेच्या एका तावातून अनेक पॅनेल कापली जातात आणि लाखो ट्रान्झिस्टरमध्ये एखादा बिघडणं पूर्ण टाळता येत नाही. पेटलेले ठिपके तर कारखान्यातच लेसरने मारून मुद्दाम काळे केले जातात, कारण काळा कमी दिसतो. म्हणजे पेटलेला ठिपका जास्त त्रास देतो हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतो, पेटलेला ठिपका आणि चालू मुदत असा योग असेल तर दुसरा विचार करू नये. काळा ठिपका कोपऱ्यात असेल आणि बाकी मशीन उत्तम असेल तर मी स्वतः ठेवला असता.

रंगपेटी

@सांजवारा, लेखी तक्रार कशी असावी याचा नमुना देते. मी असंच लिहिलं होतं आणि पुढे फोनाफोनी करावी लागली नाही.

"बिल क्रमांक अमुक, सिरियल क्रमांक तमुक. या लॅपटॉपच्या स्क्रीनवर वरच्या भागात मध्याच्या उजवीकडे एक हिरवा ठिपका सतत पेटलेला राहतो. बायॉसमध्येही तो दिसतो, स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. यावरून दोष पॅनेलमध्ये असल्याचं स्पष्ट होतं. खरेदी परत करण्याची मुदत चालू आहे. मला दुरुस्ती नको आहे, पूर्ण नग बदलून हवा, तो उपलब्ध नसल्यास पैसे परत हवेत. सोबत दोन फोटो जोडले आहेत. कृपया लेखी उत्तर द्यावे."

यात "थोडासा", "बहुधा", "मला वाटतं" असे शब्द टाकू नका. आणि मागणीत दुरुस्तीचा पर्याय ठेवू नका. "दुरुस्त करा नाहीतर बदला" असं लिहिलं की समोरचा नेहमी दुरुस्तीच निवडतो, कारण ती त्याला स्वस्त पडते.

मोजपट्टी

+१. नमुना उत्तम. वाचनखूण साठवली.

देण्याआधी मशीनमधलं तुमचं सगळं काढून घ्या हे विसरू नका. बॅकअप, मग सगळ्या खात्यांतून साइन आउट, मग फॅक्टरी रीसेट. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी स्वतःकडे उतरवून ठेवा, रीसेट मध्येच अडकलं तर ती लागते. खोका, आतले कप्पे, चार्जर, कागद जसेच्या तसे परत जायला हवेत. बंद करण्याआधी चालू मशीनचा आणि सिरियल क्रमांकाचा छोटा व्हिडिओ करून ठेवा, म्हणजे "ओरखडा तुमच्याकडे पडला" असं नंतर कुणी म्हणणार नाही.

आडवाट

रंगपेटी, हिरव्या-काळ्याचा मुद्दा मला माहीत नव्हता, पटला. माझा सल्ला मागे घेतो. त्यांचं काम डार्क मोडवर चालतं तर रोजचा त्रास कशाला?

फक्त एक शंका. बदलून आलेल्यात दोन ठिपके निघाले तर?

खटका

निघू शकतात, म्हणून हातात आल्याबरोबर तपासायचं, सवयीचं व्हायच्या आत. विक्रेत्याकडे समोरासमोर घेणार असाल तर तिथेच चालू करायला लावा. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा, मधला राखाडी, असे रंग साध्या चित्रांच्या रूपात पेन ड्राइव्हवर न्या. काळ्यावर पेटलेले ठिपके दिसतात, पांढऱ्यावर मेलेले, राखाडीवर डाग आणि असमान उजेड. आधी स्क्रीन पुसून घ्या. नव्या मशीनच्या स्क्रीनवरही फोमचे बारीक कण चिकटलेले असतात. पुसताना पाणी थेट स्क्रीनवर मारायचं नाही, फडकं किंचित ओलसर करायचं.

एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेल येतात, त्यामुळे बदलून आलेल्या मशीनचे रंग थोडे वेगळे दिसू शकतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरच्या हार्डवेअर आयडीवरून कळतं. बीओई, एयूओ, एलजीडी, सीएमएन अशी सुरुवात असते, ती बनवणाऱ्याची खूण. रंगात फरक दिसला तर तो दोष समजू नका, पण तुम्हाला रंगांचं काम असेल तर आधीच्या पॅनेलची नोंद ठेवा.

सांजवारा

मंडळी, काम झालं. कळवायला थोडा उशीर झाला.

तक्रार रंगपेटींच्या नमुन्याप्रमाणेच टाकली. विक्रेत्याकडून आधी "कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं पत्र आणा" असं उत्तर आलं. मी लिहिलं की ही वॉरंटीची मागणी नाही, मुदतीतली परतफेड आहे, आणि त्यांच्याच अटींमधलं ते कलम खाली चिकटवलं. त्यानंतर नग बदलून द्यायला तयार झाले. देताना समोर चालू करू दिला. त्यांच्याकडचा मुलगाही माझ्याबरोबर वाकून एकेक रंग बघत होता, त्याला हे नवीनच होतं. पांढऱ्यावर एक काळसर ठिपका दिसला तेव्हा धस्स झालं, पण फडक्याने निघून गेला.

या मशीनवर एकही पेटलेला किंवा मेलेला पिक्सेल नाही. डाव्या कोपऱ्यातला उजेड यातही आहे, डोकं हलवलं की सरकतो, म्हणजे ग्लो. रंग आधीच्यापेक्षा किंचित पिवळसर आहेत. आयडी पाहिला, पॅनेल वेगळ्या कंपनीचं आहे. काम करताना आता डोळे एका जागी अडकत नाहीत, आणि मला तेवढंच हवं होतं. मनापासून आभार!

पानगळ

अभिनंदन! आणि खटकादादा, दाबण्याबद्दल वेळीच सांगितलंत ते बरं झालं. बहिणीलाही कळवलं.

निरंजनवाट

धागा वाचला आणि माझाही प्रश्न विचारतो. माझा लॅपटॉप ओएलईडी आहे, परत करण्याची मुदत केव्हाच संपली, वॉरंटी चालू आहे. पांढऱ्या पानावर कडेजवळ एक काळा ठिपका दिसू लागला आहे. घेतला तेव्हा नव्हता हे नक्की. रंग बदलण्याचा उपाय करू का? आणि एकाच ठिपक्याची तक्रार घेतील का?

खटका

तो उपाय इथे करू नका. ओएलईडीमध्ये बॅकलाइट नसतो, झडपाही नसतात, प्रत्येक उपपिक्सेल स्वतःच उजेड देतो. काळा पडला म्हणजे तो उजेड देतच नाही. रंग झरझर बदलत ठेवून आजूबाजूच्या चांगल्या पिक्सेलची झीज मात्र होईल.

तुमच्या बाबतीत ठिपका वाढतोय का हे आधी बघायला हवं. एकच पिक्सेल गेला असेल तर तो आहे तेवढाच राहतो आणि कंपनी मर्यादेचं कारण सांगू शकते. पण ओएलईडीच्या थरात कुठून दमट हवा शिरली तर काळा डाग हळूहळू पसरतो, आणि कडेजवळ सुरू झाला असेल तर ही शंका घ्यायलाच हवी. हा पिक्सेलचा दोष नाही, पॅनेलचं सील गेल्याची खूण आहे, म्हणून त्याला पिक्सेल मोजण्याचा नियम लावू देऊ नका.

पांढरी पार्श्वभूमी, तोच ब्राइटनेस, फोन तेवढ्याच अंतरावर, शेजारी मिलिमीटरची पट्टी धरून आज एक फोटो घ्या आणि पुढच्या आठवड्यात दुसरा. तक्रार मात्र आजच नोंदवून क्रमांक घेऊन ठेवा, म्हणजे वॉरंटी संपायच्या आत ती दिली होती हे कागदावर राहील. डाग वाढलेला दिसला तर दोन्ही फोटो त्याच क्रमांकाखाली जोडा आणि "वाढता डाग" असंच लिहा. नाही वाढला तर इथे फोटो टाका, एक पिक्सेल आहे की दाबाचा वळ ते आपण बघू.